'ए' की 'ॲन'? निर्णय डोळ्यांचा नव्हे, कानाचा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला 'मी एमपीएससीचा उमेदवार आहे' हे वाक्य इंग्रजीत लिहायचे आहे. 'एमपीएससी'पूर्वी त्याने कोणते उपपद लावावे, 'ए' की 'ॲन'? शाळेत बहुतेकांनी पाठ केलेला नियम असा, की ए, ई, आय, ओ आणि यू ही पाच अक्षरे स्वर होत. त्यांच्यापूर्वी 'ॲन' आणि उरलेल्या एकवीस अक्षरांपूर्वी 'ए' लावावे. या नियमाने पाहिले तर 'एमपीएससी'पूर्वी 'ए' आणि 'यूपीएससी'पूर्वी 'ॲन' यावयास हवे. प्रत्यक्षात ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. शुद्ध इंग्रजीत 'ॲन एमपीएससी कॅन्डिडेट' आणि 'ए यूपीएससी कॅन्डिडेट' असेच लिहिले जाते.

पाठ केलेला नियम नेमका उलटे उत्तर देतो, याचे कारण तो अपुरा आहे. सामान्य पत्रव्यवहारात अशी चूक फारशी कोणी मनावर घेत नाही. परंतु ज्यांचा व्यवसायच इंग्रजीतून तांत्रिक माहिती लिहिण्याचा आहे, त्यांना हा प्रश्न दिवसातून अनेकदा सोडवावा लागतो. भारतात अशा लेखकांचे सर्वांत मोठे केंद्र म्हणून बंगळुरूकडे पाहिले जाते.

आद्याक्षरांचे शहर

बंगळुरूच्या औद्योगिक इतिहासाकडे नजर टाकली तर हे शहर आद्याक्षरी नावांनीच घडले आहे, असे म्हणता येईल. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी तत्कालीन म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभारला. त्याचीच पुढे 'एचएएल' झाली. १९४८ मध्ये दूरध्वनी यंत्रे बनविणारी 'आयटीआय', १९५३ मध्ये 'एचएमटी' आणि १९५४ मध्ये 'बीईएल' हे सार्वजनिक उद्योग येथे सुरू झाले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'इस्रो'चे मुख्यालय येथेच आहे. १९८३ मध्ये 'इन्फोसिस' पुण्याहून येथे आली आणि १९८५ मध्ये 'टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स' या अमेरिकी कंपनीने येथे आपले केंद्र उघडले. त्यानंतरच्या काळात संगणक उद्योगाने या शहराचे रूप पालटले.

यंत्र असो वा संगणक प्रणाली, तिच्यासोबत ती कशी वापरावी हे सांगणारी पुस्तिका द्यावीच लागते. या पुस्तिका लिहिणाऱ्यांस टेक्निकल रायटर म्हणतात. त्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा मराठी, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी किंवा बंगाली असते, आणि त्यांचा वाचक जगाच्या पाठीवर कोठेही असू शकतो. भारतीय भाषांना इंग्रजी पद्धतीची उपपदे नाहीत. त्यामुळे उपपदाचा निर्णय यांपैकी अनेकांना जन्मजात सवयीने घेता येत नाही, तो शिकूनच घ्यावा लागतो. तांत्रिक लेखनात तर दर दुसऱ्या ओळीत एखादा संक्षेप येतो, आणि प्रत्येक संक्षेपापाशी हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

उपपदामुळे फरक तरी कोणता पडतो, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पहिली गोष्ट अशी, की उपपद गाळल्यास अर्थच डळमळतो. पुस्तिकेत नुसते 'टेस्ट पंप' असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ 'पंपाची चाचणी घ्या' असाही होतो आणि 'चाचणीसाठीचा पंप' असाही. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी १९८६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' या नियमावलीत नामापूर्वी योग्य तेथे उपपद लिहिण्याचा आग्रह धरलेला आहे, तो यासाठीच. दुसरी गोष्ट अशी, की संक्षेपापूर्वीचे उपपद हा संक्षेप कसा उच्चारावा याचा संकेत देत असते. नवख्या वाचकाला तो संक्षेप पूर्वी कधी ऐकलेला नसतो. चुकीचे उपपद त्याला चुकीचा उच्चार शिकविते. तिसरी गोष्ट विश्वासाची. पहिल्याच पानावर वाचक अडखळला, तर पुढील पानांवरील आकड्यांविषयीही त्याच्या मनात संशय निर्माण होतो.

'अयोग्य' आणि 'अनुचित'

मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो. उपपदानंतर लगेच येणाऱ्या शब्दाचा पहिला ध्वनी स्वर असेल तर 'ॲन', आणि व्यंजन असेल तर 'ए'. येथे पहिला ध्वनी पाहावयाचा असतो, लिहिलेले पहिले अक्षर नव्हे.

प्राचीन इंग्रजीत 'ॲन' हेच मूळ रूप होते आणि त्याचा अर्थ 'एक' असा होता. पुढे व्यंजनापूर्वी त्यातील 'न' झिजून गेला आणि 'ए' हे आखूड रूप तयार झाले. स्वरापूर्वी मात्र 'न' टिकून राहिला, कारण दोन स्वर एकापाठोपाठ उच्चारणे जिभेला जड जाते. ही झीज एका दिवसात झाली नाही. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये 'हंड्रेड' या शब्दापूर्वीही 'ॲन' आढळते. कधी कधी या 'न'ची मालकीही बदलली. स्वयंपाकघरात वापरला जाणारा 'ॲप्रन' हा शब्द मुळात 'नॅप्रन' असा होता. 'ए नॅप्रन' असे म्हणता म्हणता ऐकणाऱ्यांनी 'न' उपपदाला जोडला आणि 'ॲन ॲप्रन' रूढ झाले.

मराठी वाचकाला या व्यवस्थेत नवल वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातून आलेले नकारवाचक 'अ' आणि 'अन्' हे उपसर्ग नेमके याच रीतीने चालतात. व्यंजनापूर्वी 'अ' येतो : अशक्य, अज्ञान, अविश्वास. स्वरापूर्वी 'अन्' येतो : अनुचित, अनादर, अनावश्यक. दोन्ही भाषांतील या रूपांचा अर्थ भिन्न आहे. उच्चाराची सोय मात्र एकच आहे. 'योग्य' या शब्दाचे 'अयोग्य' होते, कारण 'य' हे व्यंजन आहे. 'यूपीएससी'पूर्वी 'ए' येते, तेही 'यू'च्या आरंभी 'य' हे व्यंजन ऐकू येते म्हणूनच. 'उचित'चे 'अनुचित' करणाऱ्यास 'एमपीएससी'पूर्वी 'ॲन' का लागते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

देवनागरीची कसोटी

रोमन लिपीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, त्यामुळे पहिले अक्षर पाहून पहिला ध्वनी कळत नाही. देवनागरीत लेखन बहुतांशी उच्चाराप्रमाणे चालते. म्हणून मराठी वाचकाच्या हाती एक सोपी कसोटी आहे. संक्षेप जसा उच्चारला जातो तसा देवनागरीत लिहावा. आरंभी अ, आ, इ, ई, उ, ए, ऐ, ओ यांसारखे स्वराचे अक्षर आले तर 'ॲन' लावावे. क, ज, ब, य, व यांसारखे व्यंजन आले तर 'ए' लावावे.

इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांची नावे अशी लिहून पाहिली तर चित्र स्पष्ट होते. ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस आणि एक्स या बारा अक्षरांची नावे स्वराने सुरू होतात. सुटी अक्षरे उच्चारून वाचल्या जाणाऱ्या संक्षेपाच्या आरंभी यांपैकी एखादे अक्षर असेल, तर त्यापूर्वी 'ॲन' यावयास हवे. उरलेल्या चौदा अक्षरांची नावे व्यंजनाने सुरू होतात, म्हणून तेथे 'ए' लागते. शाळेत स्वर म्हणून शिकविलेला 'यू' या चौदांत मोडतो. याउलट एफ, एच, एल, एम, एन, आर, एस आणि एक्स ही आठ अक्षरे शाळेत व्यंजने म्हणून शिकविली जातात, पण त्यांची नावे स्वराने सुरू होतात. घोटाळा होतो तो मुख्यतः या नऊ अक्षरांपाशी.

म्हणून 'ॲन एफआयआर', 'ॲन एलआयसी पॉलिसी', 'ॲन एनआरआय', 'ॲन एक्स-रे' असे लिहावे. पण 'ए यूपीआय पेमेंट', 'ए यूएसबी केबल' असे लिहावे. आधार क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाचे तंत्रज्ञान केंद्र बंगळुरूत आहे. त्याचा उल्लेख संक्षेपाने केला तर 'ए यूआयडीएआय सेंटर', आणि आधारचा उल्लेख केला तर 'ॲन आधार नंबर' असे होईल. हीच कसोटी साध्या शब्दांनाही लागू पडते. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' या शब्दांच्या इंग्रजी लेखनात आरंभी 'एच' असला तरी तो उच्चारला जात नाही, म्हणून तेथे 'ॲन' येते. 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन' आणि 'वन' यांच्यापूर्वी मात्र 'ए' येते.

शब्द म्हणून की अक्षरे म्हणून?

खरी गुंतागुंत पुढे आहे. काही संक्षेप सुटी अक्षरे उच्चारून वाचले जातात, तर काही एका सलग शब्दासारखे वाचले जातात. बंगळुरूतच याची ठळक उदाहरणे आहेत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना ज्या संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावे लागते, त्या 'नॅक'चे मुख्यालय येथे आहे. मनोविकार व मज्जासंस्थेच्या उपचारांसाठी प्रसिद्ध असलेली 'निम्हान्स' आणि जीवशास्त्रीय संशोधन करणारी 'एनसीबीएस' याही येथील संस्था आहेत. या तिन्ही नावांच्या आरंभी एकच इंग्रजी अक्षर आहे. तरीही 'ए नॅक टीम' आणि 'ए निम्हान्स डॉक्टर' असे लिहावे लागते, कारण ही नावे शब्दासारखी उच्चारली जातात व त्यांचा पहिला ध्वनी 'न' आहे. 'एनसीबीएस' सुट्या अक्षरांनी वाचले जाते, म्हणून 'ॲन एनसीबीएस सायंटिस्ट'.

रोजच्या वापरातील उदाहरण द्यायचे तर 'ए सिम कार्ड' आणि 'ॲन एसएमएस' यांचे देता येईल. संगणकाच्या पुस्तिकांत 'ए रॅम मॉड्यूल' परंतु 'ॲन आरपीएम व्हॅल्यू', 'ए लॅन केबल' परंतु 'ॲन एलसीडी स्क्रीन' अशा जोड्या सतत येतात. नाशिकजवळील ओझर येथील एचएएलच्या कारखान्यात मिग विमाने बांधली गेली. तेथे 'मिग' हा शब्द म्हणून वाचला जातो, म्हणून 'ए मिग एअरक्राफ्ट'. कारखान्याच्या नावापूर्वी मात्र 'ॲन एचएएल प्लांट'.

या बाबतीत मराठी वृत्तपत्रांची लेखनपद्धती उपयोगी पडते. मराठीत संक्षेप लिहितानाच त्याच्या उच्चाराचा निर्णय झालेला असतो. 'नॅक', 'निम्हान्स', 'इस्रो', 'नासा', 'युनेस्को' हे शब्द म्हणून लिहिले जातात. 'एचएएल', 'एनसीबीएस', 'एफआयआर' सुट्या अक्षरांनी लिहिले जातात. मराठी मथळा डोळ्यांसमोर आणला, की इंग्रजी उपपद बहुतेक वेळा आपोआप सुचते.

काही संक्षेपांचे मात्र दोन्ही उच्चार प्रचलित आहेत. माहितीसाठ्याकडून हवी ती माहिती मागविण्याची एक संगणकीय भाषा १९७४ मध्ये आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेम्बरलिन आणि रेमंड बॉइस यांनी मांडली. तिचे मूळ नाव 'सीक्वेल' असे होते. त्या नावाचे व्यापारचिन्ह दुसऱ्या एका कंपनीकडे असल्याने ते पुढे आखूड करून 'एसक्यूएल' असे करण्यात आले. लिखाणातून जुने नाव गेले, पण अनेकांच्या तोंडी ते राहिले. परिणामी 'ॲन एसक्यूएल क्वेरी' आणि 'सीक्वेल' असा उच्चार गृहीत धरून लिहिलेले 'ए' हे उपपद, अशी दोन्ही रूपे आजही आढळतात. संकेतस्थळाच्या पत्त्याला 'यूआरएल' म्हणतात. त्याचा 'अर्ल' असा एकशब्दी उच्चार करणारे त्यापूर्वी 'ॲन' लिहितात. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'एफएक्यू' या संक्षेपाला काही जण 'फॅक' म्हणतात. अशा ठिकाणी एकच उत्तर बरोबर आणि दुसरे चूक असे म्हणता येत नाही. मात्र एका पुस्तिकेत दोन्ही रूपे आली तर ती चूकच मानावी लागेल.

पूर्ण नाव एका बाजूला, संक्षेप दुसऱ्या बाजूला

पूर्ण नाव आणि त्याचा संक्षेप यांची उपपदे सारखीच असतील असे नाही. बंगळुरूत आकार घेतलेल्या तेजस विमानाचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. त्या वेळी ते 'एलसीए' या संक्षेपाने ओळखले जात होते. 'लाइट कॉम्बॅट एअरक्राफ्ट' असे पूर्ण नाव लिहिले तर 'ए' लागते. 'एलसीए' लिहिले तर 'ॲन' लागते. 'तेजस' लिहिले तर पुन्हा 'ए' लागते. विमान एकच, उपपदे मात्र नावागणिक बदलतात. वैमानिकरहित विमानाच्या बाबतीत हाच प्रकार उलट्या दिशेने घडतो. 'अनमॅन्ड एरियल व्हेइकल'पूर्वी 'ॲन' येते, तर 'यूएव्ही'पूर्वी 'ए'. बँकेचे व्यवहार करणाऱ्यांना परिचित असलेला 'ओटीपी' घेतला तर 'ॲन ओटीपी', पण 'ए वन-टाइम पासवर्ड' असे लिहावे लागते.

तांत्रिक पुस्तिकांतील अनेक चुकांचे मूळ येथे सापडते. प्रघात असा, की पहिल्या उल्लेखाच्या वेळी पूर्ण नाव लिहून त्यापुढे कंसात संक्षेप द्यावा आणि त्यानंतर केवळ संक्षेप वापरावा. कंसाच्या आधीचे उपपद पूर्ण नावाच्या पहिल्या ध्वनीनुसार ठरते, कंसातील संक्षेपानुसार नव्हे. लेखन संपल्यावर जागा वाचविण्यासाठी कोणी संगणकाला आज्ञा देतो, की पुढील सर्व ठिकाणी पूर्ण नावाऐवजी संक्षेप घाल. संगणक नावे बदलतो, पण त्यांच्यापूर्वीची उपपदे तशीच राहतात. मग लेखकाला नियम ठाऊक असूनही पुस्तिकेत 'ॲन यूएव्ही' आणि 'ए एलसीए' अशी रूपे शिल्लक राहतात. असे घाऊक बदल केल्यानंतर प्रत्येक उपपद पुन्हा तपासणे, हा यावरचा एकमेव खात्रीचा उपाय होय.

उपपद आणि संक्षेप यांच्यामध्ये एखादे विशेषण आले तर निर्णय त्या विशेषणावर अवलंबून राहतो, हेही लक्षात ठेवावयास हवे. 'ॲन एचएएल हेलिकॉप्टर' योग्य आहे. परंतु मध्ये 'न्यू' हा शब्द आला की 'ए न्यू एचएएल हेलिकॉप्टर' असेच लिहावे लागते.

अंक आणि चिन्हे

अंकांनाही हाच न्याय लागू पडतो. अंक दिसतो कसा यापेक्षा तो वाचला कसा जातो हे महत्त्वाचे. इंग्रजीत आठ, अकरा, अठरा आणि ऐंशी यांची नावे स्वराने सुरू होतात. म्हणून वीजपुरवठ्याच्या कागदपत्रांत अकरा केव्हीच्या वाहिनीपूर्वी 'ॲन' येते आणि तेहतीस केव्हीच्या वाहिनीपूर्वी 'ए'. आठ बिटांच्या प्रोसेसरपूर्वी 'ॲन', सोळा बिटांच्या प्रोसेसरपूर्वी 'ए'. शंभराच्या आकड्याला इंग्रजीत 'वन हंड्रेड' म्हटले काय किंवा 'ए हंड्रेड' म्हटले काय, विशेषण म्हणून तो अंकात लिहिला की 'वन'च्या उच्चाराप्रमाणे त्यापूर्वी 'ए' येते.

रुपयाचे चिन्ह हे याचे चांगले उदाहरण आहे. लिहिताना चिन्ह आधी येते व आकडा नंतर. इंग्रजीत वाचताना मात्र आकडा आधी उच्चारला जातो. ८०० रुपयांचे बिल 'एट हंड्रेड रुपी' असे वाचले जाते, म्हणून चिन्हापूर्वी 'ॲन' लिहावे लागते. ५०० रुपयांच्या नोटेपूर्वी 'फाइव्ह'मुळे 'ए' येते. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी प्रथम एकच चिन्ह दिसते. कानाला मात्र दोन निराळे ध्वनी ऐकू येतात.

उच्चार कोणाचा मानावा?

नियम ध्वनीवर आधारलेला आहे, हे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न असा, की ध्वनी कोणाचा? बंगळुरूत हा प्रश्न पुस्तकी नाही. मराठीत आपण 'एच' असे म्हणतो. कन्नड भाषकांपैकी अनेकांच्या तोंडी या अक्षराचे नाव 'हेच्' असे येते. माजी पंतप्रधान देवेगौडा यांच्या नावातील पहिले आद्याक्षर कन्नड लिखाणात 'एच्' आणि 'हेच्' अशा दोन्ही प्रकारे आढळते. 'हेच्' म्हणणाऱ्याच्या कानाला 'ए एचएएल हेलिकॉप्टर' हेच स्वाभाविक वाटेल, आणि त्याच्या उच्चारापुरते ते सुसंगतही आहे. आयर्लंडमध्येही या अक्षराच्या नावातील आरंभीचा 'ह' उच्चारण्याची पद्धत आहे, त्यामुळे हे केवळ दक्षिण भारताचे वैशिष्ट्य म्हणता येत नाही.

दक्षिणेतील अनेक भाषकांच्या बोलण्यात आरंभीच्या 'ए'पूर्वी 'य'ची किंचित छटा येते. 'एम'चे 'यम', 'एन'चे 'यन' होते. ग्रामीण मराठीतही 'एक'चा 'येक' होतो. अशा उच्चारात पहिला ध्वनी 'य' असल्याने 'एमएलए' या शब्दापूर्वी 'ए' लिहिण्याकडे कल होऊ शकतो. ही चूक अज्ञानातून होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. लेखक आपल्या कानाशी प्रामाणिक राहिलेला असतो.

तथापि पुस्तिका लेखकासाठी नसून वाचकासाठी असते. वाचक पुण्यात, मँचेस्टरमध्ये किंवा टोकियोत असेल. त्या सर्वांना सामायिक असलेला उच्चार म्हणजे इंग्रजी शब्दकोशांत दिलेला प्रमाण उच्चार होय, आणि त्यात 'एच' व 'एम' दोन्ही स्वराने सुरू होतात. म्हणून जगभरच्या वाचकांसाठी लिहिताना 'ॲन एचएएल हेलिकॉप्टर' हेच रूप स्वीकारणे इष्ट. बोलताना ज्याने त्याने आपल्या सवयीप्रमाणे उच्चार करावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

संस्थांच्या स्थानिक नावांबाबत मात्र त्या संस्थेतील रूढ उच्चाराला अधिक मान द्यावा लागतो. वैमानिकी संशोधन करणारी 'एनएएल' ही १९६० पासून बंगळुरूत असलेली राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिचे नाव सुट्या अक्षरांनी घेतले तर 'ॲन' आणि एका शब्दात घेतले तर 'ए' लागेल. अशा वेळी त्या संस्थेच्या प्रकाशनांत कोणते रूप वापरले आहे हे पाहून तेच कायम ठेवणे श्रेयस्कर.

यंत्र वाक्य जुळविते तेव्हा

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे अनेक संदेश कोणी पूर्ण वाक्य म्हणून लिहिलेले नसतात. वाक्याचा साचा आधी तयार असतो आणि त्यातील रिकाम्या जागी यंत्र ऐनवेळी शब्द भरते. 'तुम्हाला एक अमुक आला आहे' अशा इंग्रजी साच्यात 'ए' पक्के बसविले, तर रिकाम्या जागी 'मेसेज' आल्यास वाक्य बरोबर ठरते आणि 'ईमेल' किंवा 'एसएमएस' आल्यास चुकते. एकच मजकूर अनेक उत्पादनांच्या पुस्तिकांत वापरून त्यात केवळ उत्पादनाचे नाव बदलण्याच्या पद्धतीतही हाच धोका असतो.

यावर तीन उपाय योजले जातात. पहिला, उपपद साच्यात न ठेवता भरावयाच्या शब्दासोबतच साठविणे. दुसरा, वाक्याची रचना बदलून अनेकवचन किंवा 'द' हे निश्चित उपपद वापरणे. तिसरा, प्रत्येक शक्यतेसाठी संपूर्ण वाक्य स्वतंत्रपणे लिहिणे. शेवटचा उपाय खर्चाचा असला तरी भाषांतराच्या दृष्टीने तोच सर्वांत सुरक्षित.

शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालींची मदत घेता येते, पण त्यांनाही मर्यादा आहेत. 'लँग्वेजटूल' या प्रणालीत या कामासाठी 'ए' लागणाऱ्या आणि 'ॲन' लागणाऱ्या शब्दांच्या दोन स्वतंत्र याद्या ठेवलेल्या आहेत. केवळ अक्षर पाहून निर्णय करता येत नाही, याचा हा पुरावाच होय. एखाद्या कंपनीचा अंतर्गत संक्षेप शब्दासारखा उच्चारला जातो की अक्षरांनी, हे कोणत्याही प्रणालीला आपणहून कळू शकत नाही. ते माणसालाच सांगावे लागते.

मराठीपुढील समांतर प्रश्न

मराठीत उपपदे नाहीत म्हणून मराठी लेखकाची संक्षेपांच्या जाचातून सुटका होते, असे समजू नये. आपल्याकडे हा प्रश्न लिंगाच्या रूपाने उभा राहतो. 'एफआयआर दाखल झाला' म्हणावे की 'दाखल झाली'? मनात 'रिपोर्ट' असेल तर पुल्लिंग आणि 'फिर्याद' असेल तर स्त्रीलिंग. 'पीडीएफ पाठवली' म्हणणाऱ्याच्या मनात 'फाइल' असते. 'एसएमएस आला' यामागे 'संदेश' असतो. इंग्रजीत संक्षेपाचा पहिला ध्वनी उपपद ठरवितो, तर मराठीत संक्षेपामागे उभा असलेला शब्द क्रियापदाचे रूप ठरवितो.

म्हणूनच 'तुम्हाला नवीन अमुक आला आहे' हा साचा मराठीत इंग्रजीपेक्षाही लवकर मोडतो. 'ई-मेल आला', 'फाइल आली', 'चित्र आले' अशी तीन निरनिराळी क्रियापदे येथे लागतात. इंग्रजी साचा जसाच्या तसा मराठीत आणणाऱ्या ॲपमध्ये 'नवीन फाइल आला आहे' यांसारखी वाक्ये उमटतात, ती यामुळेच. इंग्रजी मजकूर लिहितानाच जर पूर्ण वाक्यांचा आग्रह धरला, तर मराठी वापरकर्त्यालाही शुद्ध वाक्य वाचावयास मिळू शकेल.

निर्णय एकदा, पालन नेहमी

तांत्रिक लेखन करणाऱ्या प्रत्येक गटाने आपल्या वापरातील संक्षेपांची एक यादी करावी, असा सल्ला या क्षेत्रात दिला जातो. त्या यादीत संक्षेप, त्याचे पूर्ण नाव, त्याचा मान्य उच्चार आणि त्यापूर्वी लागणारे उपपद या चार गोष्टी नोंदवाव्यात. मराठी लेखकाने उच्चाराच्या रकान्यात देवनागरी रूप लिहिले, तर उपपदाचा रकाना भरण्यास क्षणभरही लागणार नाही. वादग्रस्त संक्षेपांबाबत एकदा निर्णय घ्यावा, तो लिहून ठेवावा आणि नवीन सहकाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी द्यावा. मजकुरात घाऊक बदल केल्यावर उपपदे पुन्हा तपासावीत. आणि शंका राहिलीच तर वाक्य मोठ्याने वाचून पाहावे.

परक्या भाषेत लिहिणाऱ्याची परीक्षा अनेकदा अशा लहानशा खुणांवरूनच घेतली जाते. यंत्राचे सखोल ज्ञान असलेल्या अभियंत्याने लिहिलेले टिपणही दोन-तीन उपपदे चुकली म्हणून दुय्यम ठरविले जाऊ शकते. हे न्याय्य नसले तरी घडते. पाच स्वरांचा पाठ केलेला नियम अशा वेळी दगा देतो. 'अयोग्य' आणि 'अनुचित' यांतील भेद ज्याला बोलता बोलता कळतो, त्याच्यापाशी त्याहून भरवशाचा नियम लहानपणापासूनच आहे. त्याने तो इंग्रजी लिहितानाही वापरावा, एवढेच.